सावध संघ की धाडसी संघ? आंतरराष्ट्रीय रग्बीतील संघनिवडीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली सगळी उत्तरं रग्बी युनियनच्या, म्हणजे १५ खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांविषयी आहेत. सेव्हन्स (सात-सात जणांचा खेळ) आणि रग्बी लीग (तेरा-तेरा जणांचा वेगळा खेळ) यांतली निवडीची गणितं वेगळी असतात, ती इथे घेतलेली नाहीत. संघात १ ते ८ नंबरचे फॉरवर्ड्स (चेंडूसाठी ढकलाढकली करणारे) आणि ९ ते १५ चे बॅक्स (चेंडू घेऊन धावणारे) असतात.

सावध निवड कशाला म्हणायचं आणि धाडसी कशाला?

संघ जाहीर झाला की चर्चा लगेच वयावर येते. पोरं आली की संघ धाडसी, जुने राहिले की सावध. ही वाटणी फार ढोबळ आहे. २१ वर्षांचा विंग (मैदानाच्या कडेने धावणारा बॅक) क्लबकडून दर आठवड्याला खेळत असेल आणि देशाकडूनही त्याच जागेवर उतरणार असेल, तर त्यात फारशी जोखीम नाही. उलट पन्नास सामने खेळलेल्या लॉकला (दुसऱ्या रांगेतला उंच, जड फॉरवर्ड) फ्लँकरच्या (बाजूला राहणारा, जास्त पळणारा फॉरवर्ड) जागी उभं करणं हा मोठा जुगार असू शकतो.

निवडीतली जोखीम चार प्रकारची असते. खेळाडू नवा, जागा नवी, शेजारचा जोडीदार नवा, किंवा बेंचची रचना नेहमीपेक्षा वेगळी. यातली एखादी गोष्ट बदलली तर संघ ती पचवतो. एकाच भागात दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या की सामना हातातून जातो, आणि मग खापर मात्र एकट्या नवख्या खेळाडूवर फुटतं. त्यामुळे संघ सावध आहे की धाडसी यापेक्षा जोखीम कुठे ठेवली आहे आणि ती फसली तर सावरायला कोण आहे, हे आधी बघावं.

अंतिम शब्द कोणाचा असतो?

बहुतेक देशांत मुख्य प्रशिक्षकाचा. न्यूझीलंडसारख्या काही ठिकाणी निवडकर्त्यांचं मंडळ असतं, पण त्यातही मुख्य प्रशिक्षकाचंच वजन जास्त. क्रिकेटमध्ये निवड समिती आणि प्रशिक्षक वेगळे असतात, तशी सोय इथे क्वचितच दिसते. ज्याने संघ निवडला त्यालाच हरल्यावर पत्रकारांसमोर बसावं लागतं, आणि सावधपणाचं निम्मं कारण हेच आहे.

१५ जागांपैकी धाडस कुठे परवडतं, कुठे नाही?

सगळ्यात आधी विंग. नवा खेळाडू इथे चुकला तर चूक उघडी दिसते, पण संघाची यंत्रणा चालू राहते. त्यानंतर ओपनसाइड फ्लँकर (७) आणि बाहेरचा सेंटर (१३). अर्थात बाहेरच्या सेंटरला बचावाचे निर्णय फार झटपट घ्यावे लागतात, तेव्हा तिथे नवखा असेल तर आतला सेंटर (१२) अनुभवी हवाच.

टाइटहेड प्रॉप (३, पहिल्या रांगेतला उजवा), हूकर (२, पहिल्या रांगेतला मधला), लाइनआउटचे (कडेबाहेर गेलेला चेंडू आत फेकून सुरू होणाऱ्या खेळाचे) इशारे देणारा लॉक (४ किंवा ५), स्क्रम-हाफ (९) आणि खेळ चालवणारा फ्लाय-हाफ (१०) या पाच जागा मात्र जपाव्या लागतात. टाइटहेड दबला की प्रत्येक स्क्रमला (दोन्हीकडचे फॉरवर्ड्स एकमेकांत अडकून ढकलतात ती चढाओढ) पेनल्टी जाते. तीनदा असं झालं की ९ गुण गेले किंवा प्रतिस्पर्धी तीनदा आपल्या कोपऱ्यात पोहोचला. हूकरने आत फेकलेला चेंडू अर्धा मीटर चुकला तर लाइनआउट जातो. लाइनआउट गेला की पेनल्टी बाहेर मारून कोपरा घेण्याचा अर्थच उरत नाही, आणि हल्ली बऱ्याचशा ट्राय (चेंडू समोरच्या गोलरेषेपलीकडे टेकवून मिळवलेले गुण) तिथूनच होतात.

एक साधा नियम पाळावा: हूकर आणि इशारे देणारा लॉक एकाच सामन्यात दोघेही नवे ठेवू नयेत. ९ आणि १० चंही तसंच. नवा फ्लाय-हाफ आणायचा असेल तर त्याला रोजचा सवयीचा स्क्रम-हाफ द्यावा. दोघे एकाच क्लबचे असतील तर उत्तमच.

फुलबॅक (१५, सगळ्यात मागचा खेळाडू) मधल्या पायरीवर येतो. इटलीने मार्च २०२२ मध्ये कार्डिफला अँजे कापुओझोला फुलबॅकला उतरवलं. अंगाने तो इतका बारीक की अनेक निवडकर्त्यांनी त्याची मापं पाहूनच कागद बाजूला ठेवला असता. त्याने शेवटच्या क्षणी आपल्याच भागातून धाव काढली, पादोवानीला ट्राय मिळवून दिली, आणि इटलीने वेल्सला २२–२१ असं हरवून सिक्स नेशन्स या युरोपातल्या सहा देशांच्या स्पर्धेतली ३६ पराभवांची साखळी तोडली. हे धाडस संघाच्या एकाच जागेवर होतं, हे विसरू नये.

५–३, ६–२, ७–१ म्हणजे काय?

सामन्याच्या दिवशी २३ खेळाडू असतात: १५ मैदानात, ८ बेंचवर. पहिला आकडा बेंचवरच्या फॉरवर्ड्सचा, दुसरा बॅक्सचा. आठपैकी तीन जागा नियमानेच गेलेल्या असतात, कारण २३ जणांच्या संघात एक हूकर, एक लूजहेड (डावा प्रॉप) आणि एक टाइटहेड बदली म्हणून असावेच लागतात. खरी निवड उरलेल्या पाच जागांची.

५–३ हा जुना, सावध साचा. तीन फ्रंट-रो (प्रॉप आणि हूकर), एक लॉक, एक बॅक-रो (फ्लँकर किंवा ८ नंबर). बॅक्समध्ये स्क्रम-हाफ, फ्लाय-हाफ आणि बाहेरच्या जागा सांभाळणारा एकजण. ६–२ मध्ये एक बॅक कमी करून दुसरा लॉक किंवा बॅक-रो घेतात. दक्षिण आफ्रिकेने २०१९ च्या विश्वचषकात हा साचा ‘बॉम्ब स्क्वॉड’ या नावाने गाजवला. त्या वेळी योकोहामाच्या अंतिम सामन्यात त्यांनी इंग्लंडला ३२–१२ असं हरवलं. ७–१ मध्ये बेंचवर एकच बॅक उरतो.

तत्त्व सोपं आहे. फॉरवर्ड ८० मिनिटं पूर्ण ताकदीने ढकलू शकत नाही. पन्नासाव्या मिनिटाच्या आसपास त्याचा जोर उतरतो. तिथे सहा-सात ताजे फॉरवर्ड्स आले तर शेवटचा अर्धा तास स्क्रम, मॉल (चेंडू धरलेल्याभोवती घोळका करून ढकलणं) आणि टॅकल सगळंच आपल्याकडे झुकतं. जोहान्सबर्गसारख्या समुद्रसपाटीपासून सतराशे मीटरहून उंच मैदानावर पाहुण्या संघाला हे फार जाणवतं.

मग सगळेच ७–१ का खेळत नाहीत?

दोन बॅक्स जखमी झाले तर काय, या प्रश्नाचं उत्तर फार थोड्या संघांकडे असतं. ७–१ करायचं तर सुरुवातीच्या १५ मध्ये किमान तीन बॅक्स दोन-दोन जागा खेळणारे हवेत, आणि विंगला किंवा सेंटरला उभा राहू शकेल असा एक फॉरवर्डही हवा. तो नुसता कागदावर नको, आठवडाभर सरावात त्या जागी उभा राहिलेला हवा.

६–२ सुद्धा कशी अडचणीत येते याचं नमुनेदार उदाहरण म्हणजे ९ मार्च २०२४ चा इंग्लंड–आयर्लंड सामना. आयर्लंडचा विंग कॅल्विन नॅश सुरुवातीलाच डोक्याला मार लागून बाहेर गेला आणि राखीव बॅक फ्रॉली आत आला. पुढे फ्रॉलीलाही बाहेर जावं लागलं. बेंचवर उरला एकच बॅक, स्क्रम-हाफ कॉनर मरे. तो स्क्रम-हाफला आला आणि संघाची सगळी गती ज्याच्या हातात, तो गिब्सन-पार्क विंगवर गेला. आयर्लंड २३–२२ असा हरला. म्हणजे बेंचच्या रचनेची किंमत शेवटी ९ नंबरच्या जागेवर मोजावी लागली.

बरोबर एका वर्षाने, ८ मार्च २०२५ ला, फ्रान्स डब्लिनमध्ये ७–१ घेऊन उतरला. अँत्वान द्युपाँ पहिल्याच अर्ध्यात गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर. एकमेव राखीव बॅक माक्सिम ल्यूकू आत. मग सेंटर बारासी बाहेर. फ्लँकर ऑस्कर जेगू सेंटरला उभा राहिला, त्याने ट्रायही केली आणि फ्रान्स ४२–२७ असा जिंकला. पाहणाऱ्यांना हा नशिबाचा भाग वाटतो. खरं तर जेगू वेगवान, बचावात मोकळ्या जागेत टॅकल करणारा फ्लँकर आहे. त्याच्या जागी एखादा जडसा लॉक असता तर त्या बाजूने आयर्लंडने वाट काढली असती.

एखादा राखीव खेळाडू फार लवकर आत आला तर?

फ्रंट-रोमध्ये हे सगळ्यात महागात पडतं. २०१९ च्या अंतिम सामन्यात इंग्लंडचा टाइटहेड काइल सिंकलर तिसऱ्याच मिनिटाला डोक्याला मार लागून गेला आणि डॅन कोलला जवळपास पूर्ण सामना ओढावा लागला. समोर दक्षिण आफ्रिकेने मध्यंतरानंतर लगेच ताजे प्रॉप आणले. इंग्लंडने स्क्रममध्ये पेनल्टीमागून पेनल्टी दिली.

म्हणून बेंचवरचा टाइटहेड फक्त वीस मिनिटांचा ‘धक्का देणारा’ म्हणून निवडू नये. सत्तर मिनिटं टिकेल का, हा प्रश्न त्याच्याबद्दल विचारलाच पाहिजे. डावपेचाचा भाग म्हणून बाहेर काढलेला खेळाडू परत येऊ शकतो, पण ठरावीक कारणांसाठीच: जखमी फ्रंट-रो खेळाडूच्या जागी, रक्तस्राव किंवा डोक्याच्या तपासणीसाठी गेलेल्याच्या जागी, किंवा गैरखेळामुळे जखमी झालेल्याच्या जागी. फ्रंट-रोसाठी माणूसच उरला नाही तर स्क्रम बिनढकल खेळवतात, आणि त्या संघाला एक खेळाडू कमी घेऊन खेळायची पाळी येऊ शकते.

नव्या फ्लाय-हाफला संघात कसं आणायचं?

घाईने आणलेले फ्लाय-हाफ जितके जळाले आहेत तितके दुसऱ्या कुठल्याही जागेचे नसतील. साधारण क्रम असा असावा:

१. आधी दोन-तीन सामने बेंचवर, शेवटची १५ ते २५ मिनिटं, अनुभवी स्क्रम-हाफ आणि अनुभवी आतल्या सेंटरच्या मधोमध.
२. गोलावर किक मारण्याची जबाबदारी पहिल्या सामन्यात शक्यतो दुसऱ्याकडे. एकाच माणसावर खेळ चालवणं आणि गुण मारणं दोन्ही टाकलं की एक चुकलेली किक पुढचे दहा निर्णय बिघडवते.
३. पहिली पूर्ण सुरुवात घरच्या मैदानावर.
४. फुलबॅकला दुसरा खेळ चालवणारा ठेवायचा, म्हणजे प्रत्येक वेळी किक मारून सुटका करण्याचा भार एकट्यावर येत नाही.
५. काही झालं तरी चाळिसाव्या मिनिटाआधी काढायचं नाही, असं स्वतःशी ठरवायचं. अपवाद पुढे आहेच.

इंग्लंडने फेब्रुवारी २०२५ मध्ये फ्रान्सविरुद्ध फिन स्मिथला सुरुवातीपासून फ्लाय-हाफला खेळवलं आणि मार्कस स्मिथला फुलबॅकला सरकवलं. घरचं मैदान, मागे दुसरा फ्लाय-हाफ. सामना २६–२५ असा जिंकला. निर्णय मोठा दिसला, पण त्याच्या खाली दोन आधार लावलेले होते.

अपवाद म्हणजे २०२३ च्या विश्वचषकाचा उपांत्य सामना. मॅनी लिबॉकला ३१ व्या मिनिटाला काढून दक्षिण आफ्रिकेने हँड्रे पोलार्डला आणलं. पावसात इंग्लंडच्या उंच किक्ससमोर लिबॉकचा खेळ चालत नव्हता. पोलार्डने ७७ व्या मिनिटाला लांबून पेनल्टी मारली, निकाल १६–१५. बाद फेरीत खेळाडूच्या मनाचा विचार दुसऱ्या क्रमांकावर जातो. हे क्रूर आहे, पण बरोबर आहे.

चांगल्या खेळाडूला वेगळ्या जागी खेळवणं योग्य का?

आमचं मत: मोठ्या सामन्यात पहिल्यांदाच तर मुळीच नाही.

२०१९ च्या उपांत्य फेरीत न्यूझीलंडने लॉक स्कॉट बॅरेटला ब्लाइंडसाइड फ्लँकरला (६) घेतलं आणि सॅम केनला बेंचवर ठेवलं. हिशोब लाइनआउटचा होता: उडी मारणारा एक जास्त. पण इंग्लंडने करी आणि अंडरहिल असे दोन चेंडू-चोर फ्लँकर उतरवले होते. रकवर (खाली पडलेल्या चेंडूवरच्या झुंजीत) पोहोचायला न्यूझीलंडचा एक माणूस कमी पडू लागला, चेंडू संथ झाला आणि वेगावर उभा असलेला त्यांचा सगळा हल्ला थंडावला. मध्यंतराला केन आला, पण इंग्लंड १९–७ असा जिंकला. एका जागेवर जे मिळवलं, ते दुसरीकडे गमावलं. जागा बदलताना हा दुसरा रकाना लिहायला बरेचजण विसरतात.

इंग्लंडची २०१५ ची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. सॅम बर्जेस रग्बी लीगमधून येऊन वर्षही झालं नव्हतं, आणि क्लबसाठी तो फ्लँकरलाही खेळत होता. वेल्सविरुद्ध त्याला आतल्या सेंटरला सुरुवात दिली, त्याच दिवशी फ्लाय-हाफला फोर्डऐवजी फॅरेल आला आणि बाहेरच्या सेंटरला जखमी जोसेफऐवजी बॅरिट. १०, १२, १३ एकदम बदललेले! इंग्लंड दहा गुणांनी पुढे असूनही २८–२५ असा हरला आणि पुढे ऑस्ट्रेलियाकडून ३३–१३ असा मार खाऊन घरच्याच विश्वचषकातून गटफेरीत बाहेर पडला. सगळा दोष बर्जेसच्या माथी मारला गेला. तो स्वतः वाईट खेळला नव्हता. मधली तिन्ही माणसं एकमेकांना परकी होती, ही खरी गोम.

विश्वचषकांमधल्या चार वर्षांत धाडसाची वेळ कोणती?

पहिली दोन वर्षं. तिसऱ्या वर्षाअखेर विश्वचषक संघाच्या ३३ पैकी २५ ते २८ नावं मनात पक्की असावीत, आणि चौथ्या वर्षी फक्त एखाद-दुसरी वाइल्डकार्ड.

फ्रान्सने हे शिस्तीत केलं. प्रशिक्षक फाबियाँ गाल्तिएने २०२० च्या सिक्स नेशन्ससाठी ४२ जणांचा संघ निवडला, त्यात १९ जण एकही आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेले. पहिल्याच सामन्यात त्यांनी विश्वचषकाच्या उपविजेत्या इंग्लंडला २४–१७ असं हरवलं, आणि २०२२ मध्ये ग्रँड स्लॅम (स्पर्धेतले सगळे सामने जिंकणं) मिळवलं. तरुण निवडले, पण निवडून बदलत बसले नाहीत.

इंग्लंडचा १९९८ चा दौरा दुसऱ्या टोकाचा. अनेक मुख्य खेळाडू गैरहजर, ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियाकडून ०–७६. त्या दिवशी फ्लाय-हाफला १९ वर्षांचा जॉनी विल्किन्सन होता. दौऱ्याचा कर्णधार होता मॅट डॉसन. २००३ च्या सिडनीतल्या अंतिम सामन्यात दोघेही ९ आणि १० ला होते, आणि विल्किन्सनच्या ड्रॉप गोलने (चालत्या खेळात चेंडूचा टप्पा पाडून गोलावर मारलेली किक) इंग्लंड २०–१७ असा जिंकला. यावरून ‘मार खाल्ला की पोरं घडतात’ असा निष्कर्ष काढणं धोक्याचं. त्या दौऱ्यावरच्या कितीतरी जणांची कारकीर्द तिथेच थांबली.

उशिरा केलेलं धाडस कसं अंगाशी येतं ते ऑस्ट्रेलियाने २०२३ मध्ये दाखवलं. स्पर्धेच्या तोंडावर प्रशिक्षक एडी जोन्सने मायकेल हूपर आणि क्वेड कूपर यांना वगळलं, आणि फ्लाय-हाफची मुख्य जबाबदारी नवख्या कार्टर गॉर्डनवर टाकली. कर्णधार विल स्केल्टन आणि प्रॉप तानिएला तुपू असे दोन मोठे आधारस्तंभ फिजीविरुद्धच्या सामन्याआधी जखमी झाले. तरुण संघाच्या मधोमध बोलणारा, शांत करणारा माणूस उरला नाही. फिजीकडून १५–२२, वेल्सकडून ६–४०, आणि ऑस्ट्रेलिया इतिहासात पहिल्यांदाच गटफेरीत गारद.

३३ जणांच्या विश्वचषक संघाची वाटणी कशी करतात?

साधारण १८-१९ फॉरवर्ड्स, १४-१५ बॅक्स. हूकर ३, प्रॉप ५ ते ६, लॉक ४, बॅक-रो ५ ते ६, स्क्रम-हाफ ३, फ्लाय-हाफ २ किंवा ३, सेंटर ४, विंग-फुलबॅक ५.

वादाची जागा म्हणजे तिसरा हूकर आणि तिसरा फ्लाय-हाफ. तिसरा फ्लाय-हाफ चैन वाटतो, पण २०११ मध्ये न्यूझीलंडचा कार्टर जखमी झाला, मग स्लेड, मग अंतिम सामन्यात क्रुडन. चौथ्या क्रमांकाचा स्टीफन डोनाल्ड बाहेरून बोलावलेला होता, त्याच्याच पेनल्टीवर फ्रान्सविरुद्ध ८–७ असा निकाल लागला. तेव्हा घरी बसलेल्या चौथ्या माणसालाही संघाचे इशारे माहीत असायला हवेत.

अलीकडचं सगळ्यात धीट पाऊल दक्षिण आफ्रिकेचं. २०२३ मध्ये हूकर माल्कम मार्क्स जखमी झाल्यावर त्यांनी हूकर न बोलावता फ्लाय-हाफ पोलार्डला बोलावलं. अंतिम सामन्यात तर बेंच ७–१, त्यावर स्क्रम-हाफच नाही, आणि दोन-तीन मिनिटांतच उरलेला एकमेव खास हूकर एम्बोनाम्बी जखमी. फ्लँकर आणि हूकर दोन्ही खेळणारा ३७ वर्षांचा डेऑन फोरी उरलेला सामना हूकरला उभा राहिला. १२–११ असा विजय मिळाला म्हणून हे डोळस धाडस ठरलं. एका गुणाने हरले असते तर याच निर्णयावर महिनोन्‌महिने टीका झाली असती. दोन्ही वेळी निर्णय तोच.

दुबळ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध मुख्य खेळाडू खेळवावेत का?

खेळवावेत, पण घड्याळ बघून. २०२३ मध्ये फ्रान्स नामिबियाविरुद्ध ५४–० असा पुढे असताना, मध्यंतरानंतरही मैदानात असलेल्या द्युपाँच्या गालाचं हाड मोडलं. तो उपांत्यपूर्व सामन्यासाठी परतला, पण फ्रान्स दक्षिण आफ्रिकेकडून २८–२९ असा हरला. लय हवी म्हणून ९ आणि १० ला ४० मिनिटं द्यावीत, मध्यंतराला दोघांनाही बसवावं.

याच्या उलट अति जपणंही नडतं. २००७ मध्ये न्यूझीलंडने २२ खेळाडूंना सुपर १४ या दक्षिण गोलार्धातल्या स्पर्धेच्या पहिल्या टप्प्यापासून लांब ठेवलं आणि कसोटी सामन्यांतही सतत अदलाबदल केली. ताजेतवाने होते सगळे, पण अटीतटीचे सामने एकत्र खेळण्याची सवय मोडली. उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सने २०–१८ असं हरवलं. हा एकमेव दोष नव्हता, कार्टर आणि इव्हान्स दोन्ही फ्लाय-हाफ त्या सामन्यात जखमी होऊन गेले होते. पण शेवटच्या दहा मिनिटांत कोणी ड्रॉप गोलची तयारी केली नाही, ते सवयीच्या अभावाचंच लक्षण.

मोठ्या नावाला वगळणं हे धाडस की सावधपणा?

दोन्ही असू शकतं. २०१३ मध्ये लायन्सच्या (ब्रिटन आणि आयर्लंडचा एकत्रित संघ) ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या निर्णायक तिसऱ्या सामन्यात प्रशिक्षक वॉरन गॅटलंडने ब्रायन ओ’ड्रिस्कॉलला वगळलं. आयर्लंडमध्ये गहजब झाला. प्रत्यक्षात गॅटलंडने सगळ्यात ओळखीचा रस्ता धरला होता: सुरुवातीच्या १५ मध्ये १० वेल्शमन, सेंटरला रॉबर्ट्स आणि डेव्हिस ही वेल्सची रोजची जोडी. लायन्स ४१–१६ असे जिंकले. बाहेरून बंडखोर दिसणारी ही निवड आतून पुरती सावध होती.

क्रमवारी आणि बोनस गुणांचा निवडीवर परिणाम होतो?

होतो, आणि चाहते हे कमी लक्षात घेतात. वर्ल्ड रग्बीच्या क्रमवारीत यजमान संघाला हिशोबापुरते ३ गुण जादा धरतात. फरक १० च्या वर गेला की बलाढ्य संघाला विजयाचे शून्य गुण. म्हणजे ८ गुणांनी खाली असलेला संघ तुमच्या घरी आला तर फरक ११ धरला जाणार: जिंकून काही मिळत नाही, हरलात तर जबर तोटा. अशा सामन्यात नव्यांना संधी द्यावीशी वाटते, पण क्रमवारीवर निघणारी विश्वचषकाच्या गटांची सोडत जवळ असेल तर प्रशिक्षक कचरतात. विश्वचषकात गुणांची देवाणघेवाण दुप्पट होते.

२०२३ ची सोडत डिसेंबर २०२० मध्ये, १ जानेवारी २०२० च्या क्रमवारीवर काढली होती. स्पर्धा सुरू होईपर्यंत जगातले पहिले पाच संघ एकाच अर्ध्यात येऊन बसले होते. २०२७ च्या २४ संघांच्या स्पर्धेची सोडत डिसेंबर २०२५ मध्ये निघाली, त्यामुळे आता मागच्यासारखा तीन वर्षांचा उशीर नाही. पण २०२६ पासून सुरू होणाऱ्या नेशन्स चॅम्पियनशिपमुळे जुलै-नोव्हेंबरचे पूर्वीचे ‘मैत्रीपूर्ण’ सामनेही गुणतक्त्यात आले. आमचा अंदाज, यामुळे निवडी अधिक सावध होतील.

सिक्स नेशन्समध्ये चार ट्रायना एक बोनस गुण आणि ७ किंवा कमी गुणांनी हरल्यास एक. हा दुसरा गुण लक्षात ठेवून काही प्रशिक्षक परदेशात किक मारणारा सावध फ्लाय-हाफ निवडतात.

परदेशी क्लबकडून खेळणाऱ्यांना घेता येतं का?

देशागणिक नियम वेगळा. न्यूझीलंड फक्त मायदेशी खेळणाऱ्यांनाच घेतो, इंग्लंड अपवादात्मक परिस्थिती सोडून तेच करतो. दक्षिण आफ्रिका कुठूनही घेते. वेल्सने परदेशी खेळणाऱ्यांसाठीची कॅप्सची (देशाकडून खेळलेल्या सामन्यांची) अट २०२३ मध्ये ६० वरून २५ वर आणली. ठरलेल्या आंतरराष्ट्रीय कालखंडाबाहेरच्या सामन्यासाठी क्लबने खेळाडू सोडलाच पाहिजे असं बंधन नसतं, म्हणून काही संघ एखाद्या सामन्यात अचानक ‘धाडसी’ दिसतात. जुलै २०२५ मध्ये फ्रान्स आपले बहुतेक मुख्य खेळाडू न घेता न्यूझीलंडला गेला: देशांतर्गत हंगामाचा अंतिम सामना पहिल्या कसोटीच्या आदल्या आठवड्यात होता. पहिल्या सामन्यात २७–३१ इतकं झुंजले, मालिका मात्र ०–३.

नवख्याला पाच मिनिटं आत पाठवून ‘बांधून ठेवतात’ हे खरं का?

काही वेळा खरं. खेळाडू दोन-तीन देशांसाठी पात्र असेल तर मुख्य संघाकडून मैदानात पाऊल टाकताच तो त्या देशाचा होतो.  २०२२ पासून तीन वर्षं आंतरराष्ट्रीय रग्बीबाहेर राहिल्यास एकदा देश बदलता येतो, पण नव्या देशात जन्म किंवा आई-वडील, आजी-आजोबांपैकी कोणाचा तरी जन्म हवा. टोंगाकडे परतलेले चार्ल्स पियुटाऊ आणि मालाकाई फेकिटोआ याच वाटेने आले. निवासाच्या आधारावर पात्र व्हायला आता पाच वर्षं लागतात, पूर्वी तीन लागायची. फक्त अडवून ठेवण्यासाठी दिलेली कॅप ही आमच्या मते वाईट निवड आहे. बेंचवरची एक जागा वाया जाते, आणि त्या पोराची तीन वर्षंही.

जाहीर झालेला संघ कसा वाचायचा?

आधी १६ ते २३ नंबर वाचा. बॅक्स किती, आणि त्यातला कोण दोन जागा खेळतो? मग प्रत्येक जागेसमोर दुसरं आणि तिसरं नाव लिहून बघा. ज्या जागेसमोर तिसरं नाव सुचत नाही तिथे प्रशिक्षकाने जोखीम घेतली आहे. त्यानंतर जोड्या: १-२-३, हूकर आणि लाइनआउटचा लॉक, ९-१०, १२-१३. किती जोड्या मागच्या सामन्यातल्याच आहेत? दोनपेक्षा कमी असतील तर पहिली वीस मिनिटं अडखळत जाणार. हवामानही बघा: पावसात फुलबॅक आणि विंग उंच चेंडू पकडणारे आहेत का. पदार्पण करणाऱ्यांची संख्या सगळ्यात शेवटी मोजा.

जाहीर झाल्यावर संघ बदलता येतो?

येतो. दुखापत किंवा आजारपण असेल तर सामन्याच्या दिवशीही, फक्त फ्रंट-रोची अट पाळून. २५ ऑगस्ट २०२३ ला ट्विकनहॅमवर दक्षिण आफ्रिकेच्या बेंचवरचा विली ल रू ऐनवेळी बाद झाला. त्याच्या जागी दुसरा बॅक न घेता फ्लँकर क्वागा स्मिथला घेतलं आणि ६–२ चं ७–१ झालं. न्यूझीलंड ७–३५ असा हरला, तोवरच्या त्यांच्या इतिहासातला सगळ्यात मोठा पराभव. तेव्हापासून इतर प्रशिक्षकही सरावाच्या आठवड्यात २४ वा खेळाडू कोण ठेवायचा, याचा वेगळा विचार करू लागले: पूर्वी तिथे हमखास फ्रंट-रो किंवा बॅक असायचा, आता बॅक-रोही असतो.